चार आणि सहाच्या मध्ये

१

"तिला सहावा नंबर द्या. पाचवा अजून रिकामा झालेला नाही."

हे सासूबाई म्हणाल्या आणि म्हणाल्या त्या थोरल्या सुनेला, अगदी हळू. धाकटी त्या वेळी शेजारच्या अडगळीच्या खोलीत फतकल मारून तंबूच्या खुंट्या मोजत बसली होती. दोन खोल्यांमधल्या भिंतीला वर हातभर झरोका होता. झरोके घरात नव्यानं आलेल्या माणसाच्याच लक्षात राहतात, जुनी माणसं विसरून जातात.

लग्नाला तीन महिने झाले होते. एवढ्यात तिला घराची बरीचशी गणितं कळली होती. सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं डोंगरकड्यांवरून माणसांची रांग घेऊन हिंडले. तिथला नियम असा, की पुढे चालणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही, कारण वळलं की पाय चुकतो. त्याऐवजी त्यानं 'एक' म्हणायचं, मागच्यानं 'दोन', त्याच्या मागच्यानं 'तीन'. शेवटचा आकडा कानावर आला की पुढचं पाऊल. या प्रकाराला ते हजेरी म्हणत, आणि नोकरी सुटली तरी हजेरी सुटली नव्हती. रेल्वेच्या फलाटावरसुद्धा हे कुटुंब आकडे म्हणत चाललेलं लोकांनी पाहिलं होतं.

एक सासरे. दोन दादा, म्हणजे मोठे दीर. तीन थोरली जाऊ. चार नवरा. पाच शेपूट.

शेपूट म्हणजे नणंद. कायम रांगेच्या मागे रेंगाळायची म्हणून ते नाव पडलं. धाकटीनं तिला अजून पाहिलं नव्हतं. ती दूर असते, लग्नाला तिला येता आलं नाही, इतकंच सांगण्यात आलं होतं. सासूबाईंना नंबर नव्हता, कारण गुडघ्यांमुळे त्या कधी जातच नसत.

म्हणजे हा मानापानाचा मामला आहे, असं धाकटीनं ठरवलं. लेकीची जागा सुनेला द्यायची नाही. ठीक आहे, शेपटाच्याही मागे चालू. तिनं खुंट्या पुन्हा मोजल्या. चोवीस भरल्या. तीन तंबूंना पुरेशा.

संध्याकाळी थोरलीनं सांगितलं, "हं, तुझा नंबर सहा. आणि जरा मोठ्यानं म्हणायचा. तुझा आवाज म्हणजे मांजर दुधावरनं चालल्यासारखा आहे, बाई."

"पण यंदा जाणारे आपण पाचच ना, वहिनी?"

"पाचच," थोरली म्हणाली आणि दोरी गुंडाळत राहिली.

२

पक्का रस्ता संपतो तिथं एक फलक होता. त्यावर लिहिलं होतं, इथून पुढे पाणी, शौचालय, मदत यांपैकी काहीही नाही. त्यापुढची सगळी जमीन सरकारी, मोकळी. आखलेल्या जागा नाहीत, चौकीदार नाही. जिथं पाठ टेकेल तिथं तंबू ठोकायचा आणि निघताना गवत उभं करून निघायचं. सासऱ्यांनी गाडीचं दार लावलं, टोपी सारखी केली आणि एकदम पंधरा वर्षांनी तरुण झाले.

वाट दरीच्या भिंतीला चिकटून खाली उतरत होती. रुंदी एका माणसाची. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला काही नाही. खाली खूप खोल नदी, तिचा आवाज आधी आणि ती नंतर.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार," नवरा म्हणाला.

मग कुणीच काही म्हणालं नाही. धाकटी तोंड उघडणार तोच नवऱ्यानं हाताचा तळवा मागे करून तिला थांबवलं. एक आकडा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तो थांबला असेल. मग त्यानं हात खाली घेतला.

"सहा," ती म्हणाली.

पुढून सासऱ्यांच्या बुटांचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या हजेरीपर्यंत तिच्या ध्यानात आलं की मधली जागा फक्त आकड्यात नाही, वाटेवरही आहे. दादा आणि थोरली यांच्यात दोन पावलं, थोरली आणि नवऱ्यात दोन पावलं, आणि नवऱ्यात नि तिच्यात चार. ती पुढे सरकली की तोही पाऊल उचली.

"अरे, जरा हळू की," ती दबक्या आवाजात म्हणाली. एकान्तात ती त्याला अरे-तुरे करत असे. घरच्यांसमोर 'अहो', आणि तो शब्द दर वेळी उसना आणल्यासारखा वाटे.

"अंतर ठेव," तो न वळता म्हणाला.

पुढे एका काटेरी झुडपाची फांदी वाटेत आली होती. सासऱ्यांनी ती बाजूला धरली आणि दादांच्या हाती दिली, दादांनी थोरलीच्या, थोरलीनं नवऱ्याच्या. नवऱ्यानं मागे न बघता फांदी सोडली. धाकटी अजून चार पावलं लांब होती. फांदी सपकन मागे यायला हवी होती. ती आली नाही. खांद्याच्या उंचीवर वाकलेली तशीच राहिली, टोकाशी थोडी थरथरत. धाकटी तिच्यापाशी पोहोचली, हात पुढे केला, आणि मगच ती सावकाश तिच्या हातात आली.

ओली फांदी असेल, दुसऱ्या काटक्यांत अडकली असेल. तिनं नीट निरखून पाहिलं. अडकायला तिथं दुसरी काटकीच नव्हती. म्हणजे आपल्याला दिसली नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि तिच्याच लक्षात आलं की आपण पेशंटशी बोलतो त्या आवाजात समजावतोय.

३

ती कान तपासण्याच्या केंद्रात काम करत असे. आवाज न शिरणाऱ्या काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, हातात बटण द्यायचं, आणि बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की बटण दाबा. सहा वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती. काही माणसं सूर सोडलेला नसतानाही बटण दाबतात. ती खोटारडी नसतात. त्यांना ऐकू यायला हवं असतं, इतकंच.

तळाशी नदीपासून शंभर पावलं वर एक सपाटी होती. तिथं तीन तंबू पडले, एकमेकांना दिसणार नाहीत इतके लांब. मोकळ्या जमिनीवर येऊन चाळीसारखं राहायचं असेल तर घरीच राहावं, हे सासऱ्यांचं मत. सासऱ्यांचा तंबू खडकामागे, दादा-थोरलीचा झाडीत, आणि नव्या जोडप्याचा पाण्याच्या सगळ्यात जवळ. खाणं पिशवीत घालून उंच फांदीला टांगलं. खुरपं कुठे, खड्डा किती खोल, पाणी किती वेळ उकळायचं, सगळं थोरलीनं एका दमात सांगितलं.

"आणि खड्डा बुजवताना कंटाळा नको. ह्यांचं काय आहे, हे नुसतं पानं टाकून येतात."

"एकदाच झालं होतं ते!" झाडीतून दादा ओरडले.

ऊन कड्यावर चढून पिवळं झालं तेव्हा संध्याकाळची हजेरी झाली. प्रत्येक जण आपापल्या तंबूपाशीच. खडकामागून 'एक' आलं, झाडीतून 'दोन', 'तीन'. नवरा सरपण मोडत होता. तो खाली मान घालून म्हणाला, "चार."

आणि नदीकडून आलं, "पाच."

बारीक, बायकी, थोडं नाकातलं. धाकटीच्या मानेवरचे केस उभे राहिले. ते आपले नव्हेत, दुसऱ्याच कुणा बाईचे आहेत, असं तिला वाटलं. कारण ती स्वतः शांतपणे विचार करत होती. अंतर साधारण साठ पावलं. दिशा डावीकडून, पाण्याच्या अलीकडच्या काठाकडून. मी बटण न ऐकता दाबतेय का? मला ऐकू यायला हवं होतं का? नव्हतं.

"सुनबाई?" खडकामागून सासरे म्हणाले.

"सहा," ती म्हणाली.

"ऐकलंस?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"प्रतिध्वनी."

"न म्हटलेल्या आकड्याचा?"

तो सरपण आणायला गेला. सरपणाचा ढीग कमरेएवढा झालेला होता.

भांडी घासायला ती आणि थोरली एकत्र बसल्या. थोरली वाळूनं पातेलं घासत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी म्हणाली, "पहिल्या वर्षी आवाज पार पलीकडच्या कड्यावरून यायचा गं. मागच्या वर्षी नदीच्या पलीकडच्या काठावरून. यंदा अलीकडे आली. बाबा म्हणतात, रुसवा निघतोय."

"कुणाचा, वहिनी?"

"शेपटाचा. दुसऱ्या कुणाचा?" थोरलीनं पातेलं उलटं केलं. "बाबांना यंदा झोप लागेल बघ."

"त्या दूर असतात ना?"

"हो ना," थोरली म्हणाली. "म्हणून तर."

४

सकाळच्या हजेरीला 'पाच' नवऱ्याच्या तंबूमागच्या उंबरठ्याएवढ्या खडकापासून आलं. धाकटी तिथं गेली. खडकामागे ओली वाळू होती, तिच्यावर एकही ठसा नव्हता. सासऱ्यांचं हसणं मात्र त्यांच्या तंबूपुढच्या मोठ्या खडकापलीकडून ऐकू आलं. माणूस फार दिवसांनी पोटभर जेवून हसतो तसं.

ती नवऱ्याबरोबर पाणी आणायला गेली आणि डबा भरू न देता त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला सांग. मी ओरडत नाही, रडत नाही, आईकडेही जात नाही. फक्त सांग."

त्यानं डब्याचं झाकण काढलं. मग जे सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी इथून परत निघताना शेपूट त्याला म्हणाली, मी थोडी बसते, तू माझं पाच म्हण, मी गाठतेच तुम्हाला. आदल्या दिवशी तिचं नि बाबांचं भांडण झालं होतं. तिला परगावची नोकरी घ्यायची होती, बाबा नाही म्हणत होते. तिला पाठीमागून चालायचं नव्हतं, त्यांच्या बुटांचा आवाज ऐकायचा नव्हता. यानं म्हटलं, बरं. तिची नक्कल त्याला चांगली यायची. लहानपणी तो तिच्या आवाजात बोलून सगळ्यांना हसवायचा.

"वर जाईपर्यंत नऊ वेळा हजेरी झाली. नऊ वेळा मी आधी 'चार' म्हटलं आणि मग नाकातून 'पाच'. मला वाटलं, ती येतेच आहे मागून. शेवटचं तर मी गाडी दिसल्यावर म्हटलं."

"मग?"

"मग बाबा वळले. शोध घेणारे आले, त्यांनी विचारलं, शेवटचा आवाज कुठे ऐकला? सगळ्यांनी वरचं वळण दाखवलं. तीन दिवस वरच शोधलं. तिथून रस्ता जवळ, गाड्यांची ये-जा. रागात कुणाच्या तरी गाडीत बसून निघून गेली, असं ठरलं." तो डब्याचं झाकण फिरवत राहिला. "पहिल्या दिवशी सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगायला पहिला दिवस आडवा आला. मग रोज तेच."

धाकटीनं डबा आणि झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं. पाणी दगडांवरून जात होतं.

"आणि हा आवाज," तो म्हणाला, "तो तिचा नाहीये. ती पाच जरा लांबवून म्हणायची, आळसावल्यासारखं. इतकं नाकात बोलत नव्हती ती कधीच. ती माझी नक्कल आहे. मी जशी करायचो तशीच, त्यातल्या चुकांसकट. त्या दिवशी दरीत कुणीतरी ऐकली आणि उचलली."

"कुणी?"

"मला काय माहीत? ती नव्हे, एवढं माहीत आहे."

"मग दर वर्षी येतोस कशाला?"

"मी नसलो तर तीननंतर काय येईल? बाबांच्या किती जवळ येईल?"

तिला एकाच वेळी त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तिनं डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "आज बाबांना सांग. नाहीतर मी सांगीन."

"ते त्या आवाजावर जगतात गं."

"हो. आणि तो जवळ येतोय."

त्यानं मुदत मागितली. उद्या निघताना, वर गाडीपाशी पोचलो की सांगतो. वाटेत नको, वाट अरुंद आहे. तिला ते पटलं. पुढे पुष्कळ दिवस तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं, की ते तिला पटलं होतं.

५

निघायच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. तंबू गुंडाळले, चोवीस खुंट्या मोजून पिशवीत गेल्या, राख पाण्यात कालवून पसरली, दबलेलं गवत बोटांनी उभं केलं. इथं पाच माणसं दोन रात्री राहिली हे कुणाला कळलं नसतं. सासरे शीळ घालत होते.

चढ सुरू झाला. पहिल्या हजेरीला 'पाच' नवऱ्याच्या आणि तिच्या मधून आलं. तिच्या तोंडासमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. समोर हवा होती, हवेपलीकडे नवऱ्याची पाठ. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता.

"सहा," ती म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं.

भीतीपेक्षा तिला राग जास्त होता. न दिसणाऱ्या गोष्टीशी जुळवून घेत जगायचं, तिच्यासाठी अंतर सोडायचं, तिला नंबर द्यायचा, आणि नव्या माणसाला तिच्या मागे उभं करायचं! जवळून दिसत नाही ना, मग लांबून बघू. पुढे एक घळ होती. वाट तिथं भिंतीत आत शिरायची, वळसा घ्यायची आणि समोरच्या बाजूनं बाहेर यायची, म्हणजे पुढे गेलेली माणसं हाकेच्या अंतरावर समोर आडवी दिसायची. घळीच्या तोंडाशी धाकटी मुद्दाम थांबली. बुटाची नाडी बांधायला वाकली आणि नाडी न बांधताच मान वर केली.

समोरच्या बाजूनं सासरे आले. दोन पावलांवर दादा. दोन पावलांवर थोरली. दोन पावलांवर नवरा.

दोन पावलांवर आणखी एक जण.

उन्हात होतं ते. सावली नीट पडत होती. पाठीवर पिशवी, एक हात पट्ट्यात अडकवलेला, नवरा अडकवतो तसा. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकत होतं, दादा टाकतात तसा. मान पुढे, सासऱ्यांसारखी. सहा वर्षं मागून चालून जेवढं मिळालं तेवढं सगळं घेतलेलं.

"एक," सासरे म्हणाले.

"दोन."

"तीन."

नवऱ्याचे ओठ हलले. तो 'चार' म्हणाला आणि तोंडावर हात दाबून धरला.

"पाच."

मग नवऱ्यामागच्या त्यानं रांगेतल्या सहाव्या माणसासाठी वळून घळीपलीकडे पाहिलं. म्हणजे पूर्ण वळलं. वळल्यावरही तिला पाठच दिसली. तोच केसांचा भांग मागून दिसतो तसा, तीच पिशवी, तेच पट्टे. त्यानं या माणसांची तोंडं कधी पाहिलीच नव्हती.

धाकटीनं 'सहा' म्हटलं नाही.

आकडा आला नाही म्हणून रांग थांबली. आणि सासरे, ज्यांनी तीस वर्षांत वाटेवर मान वळवली नव्हती, ते म्हणाले, "अगदी मागेच आहे ती. आज आली. ऐकलंत ना रे?"

"ऐकलं, बाबा," दादा म्हणाले.

"भिंतीकडची बाजू तिला द्या. तुम्ही सगळे कडेला व्हा. तिला पुढे येऊ दे, माझ्यापाशी." ते स्वतः आधी सरकले. पाठ दरीकडे. बुटांच्या टाचा वाटेच्या बाहेर, हवेत. "ये, बाळ. मी वळतो आता. नाही रागावत. ये."

थोरली सरकली. दादा सरकले. नवरा जागच्या जागी खिळला होता, हात अजून तोंडावर. त्याच्या मागच्यानं भिंतीकडून एक पाऊल पुढे टाकलं. खडे दरीत पडले आणि पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

धाकटीला ओरडायचं नव्हतं. ओरडण्यानं माणूस दचकतो, आणि तीन माणसांच्या टाचा हवेत होत्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी ती रोज बोलते तशी ती बोलली, सावकाश, शब्द सुटे सुटे, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

"बाबा, वळू नका. भिंतीला पाठ लावा, हात पुढे करू नका. हा आवाज ताईंचा नाही, ह्यांचा आहे. त्या दिवशी गाडीपर्यंत पाच ह्यांनी म्हटलं, नऊच्या नऊ वेळा. ताई पाण्यापाशी बसल्या होत्या, आणि तिथं त्यांना कुणी शोधलंच नाही."